पिकअपची खांदमळणी

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळतं, मग पिकअप दाखवली जाते आणि एवढं होऊन तो टिकला तर चहा. दाखवायचं काम माझ्याकडं. घरातल्या बाकीच्या कामांत माझा फारसा उपयोग नसल्यामुळं हे एक काम सगळ्यांनी मोठ्या मनानं मला देऊन टाकलंय. मी पाहुण्याला अंगणात नेतो, बोनेट उघडतो, इंजिनावरून तळहात फिरवतो, तो स्वच्छ राहिलेला दाखवतो आणि म्हणतो, "आता जरा खाली वाकून बघा." लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या, इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसांनाही मी वाकायला लावलंय. माझ्या मुलीला बघायला आलेले पाहुणे तर मुलीच्या आधी पिकअपखाली वाकले. बायको ती आठवण अजून काढते, आणि कौतुकानं काढत नाही.

गाडी बावीस वर्षांची आहे. रंग मुळात पांढरा, आता दुधात चहाचा थेंब पडल्यावर होतो तसा. निपाणीहून सदलग्याकडं जाताना आमचं गाव लागतं. त्या पट्ट्यातली तंबाखूची पोती, गुळाचे रवे, उसाचं बेणं, खत, लग्नाची भांडी, आजारी म्हैस, नाटकाचा पडदा आणि एकदा अख्खा वरातीचा बँड, हे सगळं तिनं वाहिलंय. तिच्या बरोबरीनं गावात आलेल्या पिकअपपैकी एकीचा हौदा आता कोंबड्यांचं खुराडं झालाय आणि बाकीच्या कुठं गेल्या ते मालकांनाही धड सांगता येत नाही. आमची रोज सकाळी निघते. ह्यात माझं कर्तृत्व काय म्हणाल, तर मी आप्पांच्या पोटी जन्माला आलो.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. गाडी आली तेव्हा ते साठीच्या पुढं होते आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आजही येत नाही. सुरुवातीला शिकवायचा प्रयत्न मी केला, पण पहिल्याच दिवशी ब्रेक दाबायच्या ऐवजी त्यांनी "हो, हो, हो" असं म्हणत स्टिअरिंग मागं ओढलं, आणि आम्ही शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबलो. तेव्हापासून ते माझ्या डावीकडं बसतात. चालवायची मी, सांभाळायची त्यांनी. कासरा धरणारा कुणीही चालतो, बैल राखायला अक्कल लागते, हे त्यांचं मत. ते मत त्यांनी माझ्या तोंडावर, पाहुण्यांदेखत, अनेकदा सांगितलंय.

आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, मोठा. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे आणि हळद-तूप लावून मळायचे, ती खांदमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला एक दिवस माणसानं हात लावायचा. गाडी आली तेव्हा दावणीला एक जोडी होती. उजवीकडचा बैल त्याच वर्षी गेला, डावीकडचा त्याच्यामागं दोन वर्षांनी. पुढचा बेंदूर आला तेव्हा दावण रिकामी होती. आईनं सवयीनं वाटीत हळद-तूप कालवलं, वाटी उंबऱ्यावर आणून ठेवली आणि मग त्या वाटीकडं बघत उभी राहिली. आप्पांनी वाटी उचलली आणि ते पिकअपकडं गेले.

"ओझं आता ही ओढती," ते म्हणाले. "मग खांदा कुणाचा मळायचा?"

त्या वर्षी पिकअपच्या स्प्रिंगच्या पाट्यांना खरोखरच हळद-तूप लागलं, आणि दोन दिवस गावातली मांजरं गाडीखालून हलेनात. निपाणीच्या मिस्त्रीनं ते बघितलं आणि हात जोडून सांगितलं, "आप्पा, देव तुमचं ऐकंल, पण लोखंडाला ग्रीसच लागतंय." आप्पांनी ते मानलं. पुढच्या बेंदरापासून हळदीचं बोट फक्त मानापुरतं, बाकी सगळं ग्रीस. जिथं जिथं ग्रीस भरायची तोंडं आहेत ती फडक्यानं पुसून, पंप लावून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल फेकायचं नाही, ते गाळून ब्रशनं गाडीच्या पोटाला लावायचं. पावसाच्या तोंडावर सगळी चेसी त्या ऑइलनं काळीभोर करायची, म्हणजे चिखल चिकटला तरी गंज शिरत नाही. पासष्टी उलटलेला माणूस पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायचा आणि आतून हुकूम सोडायचा. मी बाहेर वाटी धरून उभा. माझं वय तेव्हा पस्तिशीच्या घरात, आणि कंबर माझी दुखायची.

सकाळी गाडी सुरू केली की लगेच निघायचं नाही, हा दुसरा नियम. बैल उठल्या उठल्या जुंपत नाहीत. मिस्त्रीनं सांगितलं होतं, ऑइल सगळीकडं पोचेपर्यंत थोडं थांबा. थोडं म्हणजे किती, ह्याचं माप आप्पांनी काढलं ते नऊ णमोकार. आम्ही जैन, दिवसातून कितीदा तरी हा मंत्र म्हणतोच, मग तोच घड्याळाच्या जागी वापरला तर बिघडलं कुठं. इंजिन सुरू, आप्पा डोळे मिटून डावीकडं बसलेले, ओठ हलतायत. नववा संपला की डोळे न उघडता म्हणायचे, "चल." गाडी बंद करण्याआधी मात्र तीनच. एकटा असलो की मी सहावर आटपायचो, हे इथंच कबूल करतो. देवाला ते माहीत असणारच. इंजिनाला कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

हौद्यात आतल्या बाजूनं त्यांनी लाल रंगाची एक रेघ मारली होती. माल त्या रेघेच्या वर जायचा नाही. "ह्यांची गाडी म्हंजे नवरी हाय," लोक म्हणायचे, "नेसूनसवरून बसायची नुसती." गूळ किंवा खत वाहिलं की त्याच संध्याकाळी हौदा धुवायचा, कारण दोन्हीही पत्रा खातात. मिस्त्री म्हणायचा, "सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी भेटली तर मला शेती करावी लागंल."

आणि शेवटचा नियम जेवणाचा. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. बैलांच्या काळापासून आप्पांची रीत अशी की जनावर दारात येऊन वैरणीला लागल्याशिवाय माणसानं ताट घ्यायचं नाही. बैल गेले, रीत पिकअपला लागू झाली. म्हणजे गाडी उन्हं असताना दारात आली नाही, तर आप्पा त्या रात्री उपाशी. ते कुणाला काही बोलायचे नाहीत. सकाळी फक्त नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त घ्यायचे, आणि मला ती भाकरी दिसायची. निपाणीत मित्रांबरोबर भज्यांच्या गाड्यावर रेंगाळायची माझी सवय त्या भाकरीनं मोडली.

आठ वर्षांपूर्वी आप्पांचे गुडघे गेले आणि गाडीखाली सरकायचं काम माझ्याकडं आलं. मी ते मनापासून केलं. म्हणजे जरा जास्तच मनापासून केलं. बोनेटखाली कंपनीची अॅल्युमिनियमची पाटी असते, तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. आप्पांच्या हयातीत गाडीचं काही कमी पडलं असं होऊ नये म्हणून दर खंडेनवमीला मी ती पाटी चिंच आणि राख लावून घासायचो, देवघरातल्या समईबरोबर. पाटी आरशासारखी व्हायची. पाहुण्यांना ती फार आवडायची.

आणि दुसरी गोष्ट तो पट्टा. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकामागं, चेसीच्या लोखंडी पट्टीला आप्पांनी डावीकडच्या बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा बांधून ठेवला होता, पितळी बकलासकट. बैल गेला त्या वर्षापासून तो तिथं होता. कशाला बांधला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात एवढं मला कळत होतं. दर बेंदराला मी त्या पट्ट्याला हळद-कुंकू वाहायचो, तो सोडायचा विचारही कधी मनात आला नाही. पाहुण्यांना खाली वाकवायचो ते त्यासाठीच. "गेलेल्या बैलाचा पट्टा," मी हलक्या आवाजात सांगायचो. "आप्पांनी स्वतःच्या हातानं बांधला. बैल गेला, पण त्याची जागा गाडीत ठेवली." इथं माझा आवाज भरून यायचा. हिंडलग्याच्या एका बाई तर हे ऐकून डोळ्यांना पदर लावून उठल्या होत्या. आमच्या घराण्यात गोष्ट सांगावी तर मीच, असं सगळे म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

हिंडलग्याला माझा मोठा भाऊ राहतो, अण्णा. बेळगावात कारखान्यात इंजिनिअर आहे, आता निवृत्तीला आलाय. शेतीत आणि गाडीत त्याचा निम्मा वाटा. त्याचं म्हणणं सरळ होतं. वय झालेल्या गाडीचं दरवर्षी आरटीओचं पासिंग करायचं, नियम दरवर्षी कडक होत जाणार, एक दिवस ती रस्त्यातच उभी राहणार. त्यापेक्षा भंगारात द्यावी आणि नवी घ्यावी. "प्रत्येक मशीनला वय असतंय," तो म्हणाला. "माझ्या कारखान्यात तुझ्या पिकअपपेक्षा नव्या मशिनी भंगारात गेल्या."

"त्यांना खांदमळणी कुणी केली न्हवती," मी म्हणालो.

"ह्या घरात इंजिनिअर मी हाय का तू?"

"तू. पण रोज सकाळी सुरू हुती ती माझी."

शेवटी त्यानंच अट घातली, आप्पांसमोर. यंदा पासिंगला तो स्वतः बरोबर येणार. एका खेपेत पास झाली तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाली तर तिथूनच भंगारवाल्याला फोन. मला वाटलं आप्पा काहीतरी बोलतील. ते कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "व्हय." आणि पुढची शेंग फोडली.

मला मात्र आठ दिवस झोप नीट लागली नाही. गाडी गेली असती तर आप्पांनी काही म्हटलं नसतं, हेच तर अवघड होतं. रिकाम्या दावणीकडंही ते कधी काही म्हणाले नव्हते. फक्त हळदीची वाटी उचलून दुसरीकडं गेले होते. आता ह्यानंतर वाटी घेऊन ते कुठं जाणार होते?

पासिंगचं मैदान आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. दुपारी आमचा नंबर लागला. अण्णा ऑफिसची पँट आणि कडक शर्ट घालून आला होता, भंगारवाल्याला भेटायचं असल्यासारखा. तपासणारे साहेब पन्नाशीचे, कानडी, पण मराठी आमच्याहून शुद्ध. दिवे झाले, हॉर्न झाला, धूर झाला. ब्रेकला गाडी अशी जागच्या जागी थांबली की डावीकडं बसलेल्या अण्णानं डॅशबोर्ड धरला. मी फक्त त्याच्याकडं बघितलं. मग साहेब टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन खाली वाकले. जिथं पत्रा सडायचा संशय तिथं टकटक करत पुढून मागं गेले. सगळीकडून घंटेसारखा आवाज. प्रत्येक ठोक्याला माझी छाती एकेक बोट फुगत होती.

"रंग कधी मारला खालून?"

"रंग न्हाय साहेब. जुनं ऑइल, दरवर्षी."

त्यांनी मान हलवली आणि ते उठले. "चांगली ठेवलीय. आता नंबर एल्लैति? नंबर कुठं आहे हो?"

मी रुबाबात बोनेट उघडलं आणि पाटीवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, टॉर्च मारला. उजेड परत त्यांच्याच डोळ्यांत गेला.

"ह्यात मला माझं तोंड दिसतंय," ते म्हणाले. "नंबर दिसत नाही."

मी वाकून बघितलं. खरंच, पाटी गुळगुळीत होती. गेल्या वर्षीपर्यंत आकड्यांची पुसट सावली तरी होती. गेल्या खंडेनवमीला मी तीही घासून काढली होती.

"पाटी घासली होती का?"

"थोडी," मी म्हणालो.

"मग चेसीवर कोरलेला नंबर दाखवा. त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवावा लागतो आता, त्याशिवाय पुढं जात नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "पाचच्या आत दाखवा. नाही तर मला नापास लिहायला लागेल. गाडीचं काही खोटं नाही, पण नंबरच नाही तर ती कुणाची, हे मी कसं सांगू?"

ते पुढच्या गाडीकडं गेले. अण्णानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. भंगारवाल्याला फोन लावण्यासाठी दुमडल्या असं मला वाटलं, पण तो खाली बसला आणि पोतं मागायला लागला. म्हणाला, "पास-नापास नंतर बघू. माझ्या निम्म्या गाडीचा नंबर तू घासून खाल्लास, तो आधी शोधू."

आम्ही दोघे पन्नाशीपलीकडचे भाऊ, उताणे, एका पोत्यावर. चेसीवर वीस पावसाळ्यांचं काळं ऑइल, थरावर थर. मी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायला लागलो. थर निघेना.

"एवढी खरपूड आपल्या गुऱ्हाळाच्या काहिलीला पण नसंल," अण्णा म्हणाला.

"त्यानंच टिकलीय."

"टिकलीय व्हय. पण आत कोण हाय ते कळत न्हाय."

मागं बघितलं, पुढं बघितलं, डावी बाजू खरवडली. अर्धा तास गेला. त्याच्या कडक शर्टावर काळा नकाशा उमटला होता. शेवटी मी हरलो आणि घरी फोन लावला. बायकोनं तो आप्पांच्या कानाशी धरला.

"आप्पा, गाडीचा नंबर कुठं कोरलाय?"

"पाटीवर."

"पाटीवरचा गेला."

"कुठं गेला?"

"मी घासला. खंडेनवमीला."

"किती वर्सं घासतोयस?"

"आठ."

"बरं," आप्पा म्हणाले. त्या एका 'बरं'मध्ये माझ्या बावन्न वर्षांचा हिशेब होता. मग म्हणाले, "पट्ट्याखाली बघ की."

"कुठल्या पट्ट्याखाली?"

"बैलाच्या."

मी पट्ट्याकडं बघितलं. तो माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्यावर गेल्या बेंदराचं माझं हळद-कुंकू अजून होतं.

"आप्पा, तो तुम्ही बैलाच्या आठवणीसाठी बांधलाय न्हवं?"

"आठवणीला पट्टा कशाला लागतोय?" आप्पा म्हणाले. "चामडं ग्रीस पितं, पाणी धरत न्हाय. नंबराला गंज लागू नये म्हणून बांधला. पट्टा रिकामा पडलाता." आणि मग जरा वेळानं, "तू काय समजलातास?"

शेजारी अण्णा हसत होता. गाडीखाली जागा कमी असल्यामुळं त्याला नीट हसता येत नव्हतं, तर पोटावर हात ठेवून नुसता हलत होता. "हळद-कुंकू," तो म्हणाला. "आठ वर्सं. नंबराला." मग त्याला हिंडलग्याच्या त्या बाई आठवल्या, त्याच्याच शेजारच्या होत्या, आणि तो परत हलायला लागला.

बकल घट्ट बसलं होतं, पण चामडं लोण्यासारखं मऊ. पट्टा सुटला तसा आत पिवळं ग्रीस दिसलं, आप्पांनी शेवटचं भरलेलं, आठ वर्षांपूर्वीचं. अण्णानं खिशातला पांढरा रुमाल काढला आणि ग्रीस पुसलं. खाली लोखंड होतं, निळसर, चकचकीत, आणि त्यावर आकडे असे होते की काल ठोकलेत. वीस पावसाळे, गूळ, खत, ओढ्यातलं पाणी, सगळ्यातून त्या वीतभर जागेला थेंब लागला नव्हता. आम्ही दोघेही हसायचे थांबलो. अण्णानं एका बोटानं आकड्यांवरून हात फिरवला, लहानपणी आम्ही बैलाच्या कपाळावरून फिरवायचो तसा, वरून खाली.

"कारखान्यात आम्ही ह्याला संरक्षण-योजना म्हणतो," तो म्हणाला. "फायली असत्यात तिच्या."

साहेब गुडघ्यावर बसले, आकडे एकेक वाचून कागदाशी ताडले आणि फोटो काढला. मग तिथंच बसून राहिले.

"हे कुणी केलंय?"

"वडलांनी."

"मिस्त्री आहेत?"

"न्हाय साहेब. त्यांना गाडी चालवायला पण येत न्हाय."

साहेबांनी एकवार सगळ्या चेसीवरून टॉर्च फिरवला, ह्यावेळी तपासायला नाही, नुसता बघायला. पलीकडं एका नव्या गाडीचा मालक उभा होता, त्याला हाक मारून म्हणाले, "हे बघून जा." तो इस्त्रीच्या कपड्यात होता. वाकला. मी इतक्या माणसांना वाकवलंय, पण सरकारनं वाकवलेला हा पहिला.

सही करताना साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी पाटी घासू नका."

सव्वापाच वाजले होते. गाडी सुरू केली आणि मी गिअर टाकणार तर डावीकडून आवाज आला, "थांब. नऊ व्हायचेत." अण्णा आप्पांच्या जागेवर बसून ओठ हलवत होता. सहाव्याला मी क्लच दाबला. "आठ तरी होऊ दे रं," तो म्हणाला. आम्ही पुरे नऊ केले.

वाटेत माझी नजर रस्त्यावर कमी आणि सूर्याकडं जास्त होती. गाडीला पळवायचं नाही, हा नियम कुणी सांगितला नव्हता, पण आज तो मोडायची हिंमत नव्हती. अंगणात शिरलो तेव्हा उन्हं माडाच्या शेंड्यावर गेली होती. आप्पा सोप्यात पाटावर बसले होते, समोर ताट, त्यावर झाकण. बायको दारात उभी राहून पश्चिमेकडं बघत होती. मी किल्लीला हात लावला, आप्पांनी पंजा वर केला. तीन. मी तीन म्हटले, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस भुकेला बसला होता आणि मी अक्षर अन् अक्षर म्हटलं. इंजिन बंद झालं, तेव्हा त्यांनी झाकण काढलं.

"पास," अण्णा म्हणाला.

आप्पांनी घास घेतला. पास झाली का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "पट्टा बांधलासा परत?"

मैदानावर, आनंदाच्या भरात, पट्टा पोत्याजवळ जमिनीवर राहिला होता. मी अण्णाकडं बघितलं. त्यानं पँटच्या खिशातून रुमालाचं काळं बोचकं काढलं. त्यात पट्टा होता, नीट गुंडाळलेला.

तो परत पोतं घेऊन गाडीखाली गेला. मी ग्रीसचा डबा घेऊन त्याच्या मागं. नंबरावर बोटभर ग्रीस, त्यावर पट्टा, बकल घट्ट. आम्ही बाहेर आलो.

"बकल कुठं केलं?" आप्पांनी जेवता जेवता विचारलं.

"वर. चिखल लागू नये म्हणून," अण्णा म्हणाला. बरोबर होतं ते. इंजिनिअरनं सांगितलेलं होतं.

"खाली करा."

"आप्पा, खाली चिखल लागणार, सारखा."

"लागू दे. वर असलं की त्याच्या मानंला जू घासायचं."

आप्पा भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवत होते, अगदी सावकाश, ताटाकडंच बघत. अण्णा पुन्हा गाडीखाली गेला. मीही गेलो, खरं तर एकट्याचं काम होतं. बकल सोडलं, फिरवलं, खाली आणलं. त्याला वेळ लागला, कारण ग्रीसनं बोटं घसरत होती आणि शिवाय दोघांनाही नीट दिसत नव्हतं. दिवस मावळत होता म्हणून दिसत नव्हतं, असं अण्णा म्हणतो.

बाहेर आलो तोवर आप्पांचं हात धुणं झालं होतं आणि माडाचा शेंडा काळा पडला होता. "तुमची ताटं आता सकाळीच," बायको म्हणाली. बाहेर कुठं असतो तर मी पळवाट काढली असती. आप्पांच्या सोप्यात तशी सोय नाही. आम्ही दोघे भाऊ हौद्यात पाय सोडून, काळ्या हातांनी, उपाशी बसलो. मला उगीच एवढं मोठं वाटत होतं की आणखी चार माणसं असती तर मी त्यांना लगेच खाली वाकवलं असतं.

पाहुण्यांना गोष्ट मी अजून सांगतो. आता आधी नंबर सांगतो, मग बकल. बकलाला चिखल लागतोच, अण्णाचं म्हणणं बरोबर होतं. दर रविवारी तो हिंडलग्याहून येतो, पोतं अंथरतो आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो चिखल काढतो.